स्नीक : एका दबक्या शब्दाची चाल



वसंत व्याख्यानमालेत मोठमोठे विषय येतात. माझा विषय मात्र इंग्रजीतला एक टीचभर शब्द आहे : स्नीक. चोरपावलांनी जाणे, नजर चुकवून सटकणे, हा त्याचा अर्थ. मी शाळेत इंग्रजी शिकवीत असे आणि हा शब्द आला की फळ्यावर साप काढून ठसक्यात सांगत असे, की स्नेक म्हणजे साप, त्यावरून स्नीक म्हणजे सापासारखे जाणे. मुले माना डोलावीत. मीही डोलावीत असे.

असे सांगण्याचा मोह का होतो, तेही पाहा. आपल्याकडे सृप् म्हणजे सरपटणे, आणि सरपटतो तो सर्प. लॅटिनमध्ये हाच धातू सर्पेरे होतो आणि त्यातून इंग्रजीत सर्पंट येतो. ग्रीकांकडे आरंभीच्या स चा ह झाला आणि हेर्पेइन म्हणजे सरपटणे झाले. अंगावर सरकत जाणारा रोग तो हर्पिस. त्याच्याच एका प्रकाराला आपण नागीण म्हणतो! आयुर्वेदातला विसर्पही सृप् चाच. ग्रीक वैद्याला, आयुर्वेदाचार्याला आणि आपल्या आजीबाईंना एकमेकांना न विचारता एकच प्राणी सुचला. मग इंग्रजांनाही सुचला असेल, असे वाटणे साहजिक आहे.

पण शब्दांच्या कुळात नुसता चेहरा जुळून भागत नाही. जुन्या इंग्रजीत सरपटणे या अर्थी स्नीकन् असा धातू होता. साप आणि गोगलगाय यांची जुनी नावे त्याच्याच गोतातली धरतात. स्नीकन् आणि स्नीक! कानाला अगदी सख्खे भाऊ. आणि खोच नेमकी इथेच आहे. जुन्या इंग्रजीतला दीर्घ ई पुढच्या शतकांत ई राहिलाच नाही, त्याचा आइ झाला. रीदन् चा राइड झाला, बीतन् चा बाइट झाला. त्या न्यायाने स्नीकन् चा स्नाइक व्हायला हवा होता. शिवाय आजचा स्नीक कागदावर दिसू लागतो तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या पिढ्यांचा पत्ता नाही. एखादे दुसरे, न लिहिले गेलेले रूप बोलीत असेल, असा तर्क करतात. पण तो तर्कच. दबकत जाण्याचा अर्थ सांगणारा हा शब्द स्वतःच दबकत आत आला, त्याला येताना कोणी पाहिले नाही. १६०० साली छापलेल्या ‘हेन्री चौथा, भाग दुसरा’ या शेक्सपिअरच्या नाटकात स्नीक नावाच्या वादकाचा ताफा बोलावला जातो. आडनाव दबक्याचे आणि धंदा वाजवण्याचा!

एकदा आत आल्यावर मात्र त्याने हातपाय पसरले. भाषेचा सर्वसाधारण ओघ असा, की वाकडीतिकडी भूतकाळी रूपे सरळ होत जातात. याचे उलट झाले. स्नीक्ड हे सरळ रूप असताना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत स्नक निघाले, आणि आज तिथे सुशिक्षितांच्या तोंडीही ते सर्रास आहे. व्याकरणाच्या मास्तरांचे डोळे चुकवूनच आले म्हणायचे.

आज तरुण मुले हजारो रुपये मोजून स्नीकर्स घेतात. रबरी तळव्याचा आवाज होत नाही म्हणून ते नाव. पण असला जोडा पहिल्यांदा चोराने घातला, असे समजू नका. १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या, स्त्रियांच्या तुरुंगावरील एका इंग्रजी पुस्तकात रात्रपाळीच्या पहारेकरणी रबरी जोडे घालून फिरतात, आणि ब्रिक्स्टनच्या कैदी बायका त्या जोड्यांना ‘स्नीक्स’ म्हणतात. दबकत चालणार होते सरकार; नाव ठेवणार होते कैदी.

याच्या उलट गोष्ट इंग्रजी शाळांत घडली. तिथे मास्तरांना जाऊन सांगणारा मुलगा तो स्नीक. आपली चुगली जिभेची, त्यांची पायांची. म्हणजे सांगितले ते खरे की खोटे हा प्रश्नच नाही, तू गुपचूप गेलास एवढाच गुन्हा. आणि दांडगटाने मारलेले पोर गुपचूप जाणार नाही तर काय ताशे वाजवीत जाईल? हा शब्द मास्तरांनी घडवलेला नाही, मुलांनी घडवला; पण मास्तरांनाही तो फार सोयीचा पडला.

मलाही पडला. सापाचे चित्र काढले त्याच आठवड्यात एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. वरच्या वर्गातली मुले एका लहानग्याचा डबा रोज हिसकावतात, असे तो हळूच सांगू लागला. मला चहाला जायचे होते. “डोन्ट बी अ स्नीक,” मी म्हणालो. नव्या शब्दाचा उपयोग केल्याचे समाधानही वाटले. तो “हो सर” म्हणून वळला. पुढे दोन वर्षे तो माझ्या वर्गात होता. विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे देई. आपण होऊन मात्र मला पुन्हा काही सांगायला आला नाही. त्या लहानग्याच्या डब्याचे पुढे काय झाले, हे मीही कधी विचारले नाही.