पोलीस चौकशी आणि आपण

(संस्थेच्या व्याख्यानमालेत आष्टी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही. बँकेत कारकून आहे. परंतु कागद वाचणे आणि सही तपासणे हे माझे रोजचे काम आहे, आणि पोलीस चौकशी हा विषयही बराचसा कागदाचाच आहे. बांधाचे भांडण, मोटारसायकलची चोरी, मिरवणुकीतला वाद, अशा कुठल्या ना कुठल्या कारणाने ठाण्याचा संबंध येतोच. "ठाण्यात बोलावलंय" एवढे शब्द कानावर पडले की त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. अशा वेळी कायदा जाणणारा एक जरी माणूस घरात असला तरी फरक पडतो.

घटना म्हटली की आपण समतेबद्दल, आरक्षणाबद्दल भरभरून बोलतो. अनुच्छेद २२ बद्दल मात्र व्यासपीठावर फारसे ऐकू येत नाही. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचे कलम, म्हणजे आजचा अनुच्छेद २१, संमत झाले तेव्हा ते दुबळे झाले अशी टीका झाली होती. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत नवे कलम १५-अ मांडले आणि आधी जे राहून गेले त्याची ही भरपाई आहे असे सांगितले. तेच पुढे अनुच्छेद २२ झाले. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. या गोष्टी फौजदारी कायद्यात आधीपासून होत्या. परंतु घटनेत आल्यामुळे साध्या बहुमताने त्या काढून टाकणे कुणाला शक्य राहिले नाही. माझ्या मते बाबासाहेबांमधला वकील इथे फार दूरचे पाहत होता.

आता चौकशी कशी चालते ते पाहू. संशयितांना वेगवेगळे बसवतात. तोच प्रश्न फिरवून चार वेळा विचारतात. "तुझ्या जोडीदाराने सगळे सांगितले" अशी थाप मारतात. एक साहेब दरडावतो, दुसरा चहा मागवतो आणि पाठीवर हात ठेवतो. यातले सगळेच बेकायदा नाही. हुशारीने प्रश्न विचारणे हे पोलिसांचे कामच आहे. हात उगारला की मात्र तो गुन्हा होतो. कबुलीसाठी दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० प्रमाणे सात वर्षांपर्यंत आणि जबर दुखापत केली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्यानंतर चौकशीचे ध्वनिमुद्रण होऊ लागले. पुढे तिथल्या पोलिसांनी दरडावण्याची पद्धत सोडून, माणसाला मोकळेपणी बोलू द्यायचे आणि मग त्याचे बोलणे पुराव्याशी ताडून पाहायचे, अशी पद्धत स्वीकारली.

मारून घेतलेल्या कबुलीचा आणखी एक तोटा असा, की मार थांबावा म्हणून माणूस काहीही कबूल करतो. आरोपी एकदा 'सापडला' की तपास तिथेच थांबतो. तपास असा अर्धवट राहिला की काय होते हे नाशिक जिल्ह्यातल्या जून २००३ च्या एका खटल्यात दिसले. पाच जणांचा खून झाला होता. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंमधून भलतीच चार माणसे ओळखली होती, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई मिळाली. सोळा वर्षांचा हिशेब कुठल्या खात्यात मांडायचा?

विद्यार्थी मित्रांनी आता नीट ऐकावे. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ आणि २६ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. मग कबुलीसाठी एवढी धडपड का? त्याच कलमाला एक खिडकी आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरते त्याचे सांगणे पुराव्यात येते. म्हणून "काढून दिले"चा पंचनामा होतो, आणि पंच म्हणून बऱ्याचदा आपल्यातलीच पोरे बोलावली जातात. बँकेत कोऱ्या चेकवर सही करू नका म्हणून आम्ही घसा कोरडा करतो. कोऱ्या पंचनाम्यावर केलेली सही त्याहून महाग पडते, तीही दुसऱ्याला. जे डोळ्यांनी पाहिले तेवढ्यावरच सही करावी. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर मात्र सही घ्यायचीच नाही असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८१ सांगते. अटकेच्या पत्रकावर सही असते, ती वेळ आणि तारीख वाचून करावी.

उत्तर द्यावेच लागते का? नाव, गाव, पत्ता सांगावा, खोटे बोलू नये. परंतु ज्या उत्तराने आपल्यावरच गुन्हा शाबीत होईल ते देण्याची सक्ती नाही. अनुच्छेद २०(३) ने तो हक्क दिला आहे, आणि नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पोलीस ठाण्यातल्या चौकशीलाही लागू केला. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात बहुधा आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ती व्हॉट्सअॅपवर चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. साक्षीदार म्हणून बाई, साठीपुढचा माणूस किंवा पंधरा वर्षांखालचा मुलगा यांना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो न्यायदंडाधिकाऱ्यापुढचा क्षण. शीला बर्से या पत्रकार बाईंनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की स्त्रियांची चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, आणि समोर आणलेल्या प्रत्येकाला न्यायदंडाधिकाऱ्याने विचारावे : कोठडीत तुला त्रास दिला का? वैद्यकीय तपासणीच्या हक्काचीही त्याला जाणीव द्यावी.

हा प्रश्न विचारला जातो. उत्तर काय येते, ते आपल्या शेजारच्या परभणीने पाहिले. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील घटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले, धरपकड झाली. त्यात कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे सरकारतर्फे विधानसभेत सांगितले गेले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमा नोंदल्या होत्या. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो ३० जुलैला कायम ठेवला. त्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

ज्यांनी आणले तेच शिपाई दोन्ही बाजूंना उभे असताना कोण तोंड उघडेल? नव्या संहितेप्रमाणे पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनीही घेता येते. म्हणजे एकदा सुटलो म्हणून निर्धास्त होता येत नाही.

म्हणून आपले काम त्या दिवशी आहे. कुणाला नेले तर नेल्याची वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी परतूरच्या न्यायालयात घरचे कुणीतरी आणि एक वकील हजर पाहिजेच. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. तो वकील फुकट मिळतो. वकिलाने पोलिसांना बाजूला उभे करण्याची विनंती करावी, अंगावरचे वळ दाखवावेत, वैद्यकीय तपासणीचा लेखी अर्ज द्यावा. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण अठरा महिने जपून ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिला आहे. ते राखून ठेवावे असा अर्जही त्याच दिवशी द्यावा, आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, हे मी बँकेतला माणूस म्हणून सांगतो.

जयभीम.