एका कादंबरीकाराचा जीवनक्रम



कादंबरीकार म्हटला की सुशिक्षित घरातील वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. शांत खोली, खिडकीशी मेज, भिंतीला लागून पुस्तकांची कपाटे, सकाळच्या प्रहरी नेमाने चालणारी लेखणी आणि सायंकाळी विरंगुळा म्हणून थोडे गाणे. आपल्या वाचनात आलेले पुष्कळसे कादंबरीकार थोड्याफार फरकाने या चौकटीत बसतात. परंतु मराठी कादंबरीच्या इतिहासात एक लेखक असा होऊन गेला, की ज्याला या चौकटीत बसवू जावे तर चौकटच मोडते. तो लेखक म्हणजे तुकाराम भाऊराव ऊर्फ अण्णाभाऊ साठे.

अण्णाभाऊंचे आयुष्य मुंबईत गेले. पण त्यांच्या लेखनाचे मर्म पुण्यात कोठे समजून घ्यावयाचे असेल, तर ते मार्केट यार्डात. पुरते उजाडण्यापूर्वीच गुलटेकडीच्या या बाजारात मालमोटारी येऊन लागतात. कांदा, बटाटा, गूळ, भुसार यांची पोती पाठीवर तोलून हमाल झपझप पावले टाकतात. यांपैकी कित्येकांची कुटुंबे दुष्काळी मुलखातून पोटासाठी पुण्यास आलेली. १९५५ साली डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभारली आणि या विखुरलेल्या कष्टकऱ्यांना एक आवाज मिळाला. पुढे १९७४ साली त्याच चळवळीतून 'कष्टाची भाकर' हे स्वस्त अन्नाचे केंद्र निघाले. शहरातील गृहस्थ या बाजारात जातो तो भाजी व धान्य पाहतो. पोत्याखालचा माणूस त्याच्या दृष्टीस क्वचितच पडतो. अण्णाभाऊ स्वतः त्या पोत्याखालून आले होते.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे, मांग समाजातील एका दरिद्री कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळेशी त्यांचा संबंध जवळजवळ आलाच नाही. तो दीड दिवसाचा होता, असे सांगण्यात येते. लहानपणीच ते आईबापांबरोबर पायी चालत मुंबईस आले. तेथे त्यांनी हमाली केली, फेरीवाल्याचे कापडाचे गाठोडे वाहिले, गिरणीत मजुरी केली. असा मनुष्य वाचावयास शिकला तो दुकानांच्या पाट्यांवरून आणि चित्रपटांच्या जाहिरातींवरून. अक्षरे जुळवीत जुळवीत तो पुस्तकांपर्यंत पोचला आणि पुढे रशियन कादंबरीकार मॅक्सिम गॉर्की हा त्याचा अत्यंत आवडता लेखक झाला.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखा आहे. आपल्या घरांतून मुले आधी पुस्तक वाचतात आणि मग जग पाहतात. दुष्काळ, भूक, तुरुंग हे शब्द त्यांना छापील पानावर प्रथम भेटतात. अण्णाभाऊंचा क्रम याच्या उलट होता. जग त्यांनी आधी भोगले आणि त्याचे वर्णन पुस्तकात नंतर वाचले. सबब, वाचलेले खरे की खोटे याची कसोटी त्यांच्यापाशी तयार होती. गॉर्की त्यांना जवळचा वाटला याचे कारण हेच असले पाहिजे. ब्रेड भाजण्याच्या भट्टीत राबलेल्या त्या लेखकाच्या पानांत त्यांना आपलेच शेजारीपाजारी भेटले.

वाचनाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, त्यांच्या लेखणीला घडविले ते संगीताने. त्यांचे चुलतबंधू बापू साठे यांचा तमाशाचा फड होता, आणि तरुणपणी अण्णाभाऊ त्यात वावरले. ढोलकी, तबला, पेटी अशी अनेक वाद्ये त्यांना वाजविता येत असत. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्या संगतीने त्यांनी 'लाल बावटा' कलापथक काढले. दूरच्या स्टालिनग्राडवर त्यांनी पोवाडा रचला, आणि तो इथल्या कामगारांनी आपलाच म्हणून ऐकला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घरोघर पोचली. गावी राहिलेल्या प्रियेचा विरह सांगता सांगता ती श्रोत्यास बेळगाव-कारवारच्या विरहापर्यंत नेऊन सोडते.

हे सारे कादंबरीच्या बाहेरचे आहे, असे कोणी म्हणेल. पण तसे नव्हे. मैदानावरचा श्रोता तिकीट काढून खुर्चीत बसलेला नसतो. दिवसभर राबून आलेला तो मनुष्य उभ्या उभ्या ऐकतो आणि मन रमले नाही तर सरळ चालू लागतो. अशा श्रोत्यापुढे ज्याची उमेदवारी झाली, तो लेखक पहिली दहा पाने निसर्गवर्णनात घालवू शकत नाही. 'फकिरा' या कादंबरीचा आरंभ पाहावा. दुसऱ्या गावची जोगणी हिरावून आणण्यासाठी फकिराचा बाप राणोजी एकटा निघतो, आणि त्या धाडसात त्याचा प्राण जातो. वाचक कथेत केव्हा ओढला गेला, हे त्याचे त्यालाही कळत नाही. वाक्ये आखूड, संवाद ठसक्याचे, प्रत्येक पात्राचा प्रवेश जणू ढोलकीच्या थापेवर झालेला. तमाशातील स्त्रीच्या जीवनावर त्यांनी 'वैजयंता' लिहिली, आणि एका कादंबरीला तर 'अलगूज' हे वाद्याचेच नाव दिले. त्यांच्या बाबतीत संगीत हा फावल्या वेळचा विरंगुळा नव्हता. ती त्यांच्या गद्याची पाठशाळा होती.

आता त्यांच्या अखेरच्या दशकाकडे वळू. १९५९ साली 'फकिरा' प्रसिद्ध झाली. दुष्काळात भुकेने मरणाऱ्या माणसांसाठी परकीय सरकारचा खजिना लुटणाऱ्या आणि गुन्हेगार ठरविलेल्या जमातींवरील हजेरीच्या जाचाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या एका वीराची ती कथा. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी अण्णाभाऊ रशियाचा प्रवास करून आले. त्या प्रवासाचे वर्णनही त्यांनी लिहिले. कादंबरीमागून कादंबरी येत गेली. त्यांची संख्या पस्तीसच्या घरात जाते. त्यांपैकी अनेकींवर मराठी चित्रपट निघाले.

आणि हा सर्व काळ हा लेखक राहत कोठे होता? घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. सभोवार नळावरची भांडणे, पोरांचा कल्लोळ, पावसाळ्यात चिखल. आणि त्यातच लेखन. सरकारी घर त्यांना गोरेगाव येथे लाभले ते १९६८ साली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, दारिद्र्यातच त्यांचे देहावसान झाले. महाराष्ट्रातील माथाडी व हमाल कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो याच १९६९ सालचा. ज्यांचे ओझे त्यांनी वाहिले आणि गाइले, त्यांना कायद्याचा आधार मिळू लागला, तेव्हा त्यांचा आवाज थांबला होता.

त्यांच्या कादंबऱ्यांत उणिवा नाहीत असे नाही. योगायोग फार, खलपुरुष सरसकट काळे, शेवट पुष्कळदा घाईने उरकलेला. पोटासाठी लिहिणाऱ्याला एखादे प्रकरण पुन्हा पुन्हा घासूनपुसून घेण्याची सवड नसते, हे त्याचे एक कारण. परंतु दुसरे कारण आपल्या बाजूचे आहे. जे गद्य ऐकण्यासाठी घडले, ते आपण निःशब्द डोळ्यांनी वाचतो आणि मग त्यात भडकपणा फार आहे असा निवाडा देतो. पोवाडा कोणी मनातल्या मनात वाचून त्याची किंमत ठरवीत नाही. तोच न्याय या कादंबऱ्यांस लागू करावयास हवा.

मानसन्मान मागाहून पुष्कळ झाले. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. पुण्यात सारसबागेजवळ त्यांचा पुतळा आहे, आणि मार्केट यार्डापासून जवळच, पद्मावतीच्या बाजूस, एका सभागृहाला त्यांचे नाव आहे. दरवर्षी १ ऑगस्टला हार पडतात, वाद्ये वाजतात. हे योग्यच होय. परंतु पुतळ्याला घातलेला हार दुसऱ्या दिवशी सुकतो. लेखकाचा खरा सन्मान त्याचे पुस्तक उघडण्यात असतो. आणि ज्या घरांत हरिभाऊ, फडके, खांडेकर यांची पुस्तके कपाटात मानाने उभी आहेत, त्यांपैकी किती घरांत 'फकिरा' सापडेल? वि. स. खांडेकरांसारख्या थोर कादंबरीकाराने ज्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, ते आपल्या कपाटाला परके का वाटावे?

उपाय अगदी साधा आहे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर 'फकिरा'चे पहिले प्रकरण घरातील एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. आजी असेल तिने ऐकावे, शाळकरी नातवाने ऐकावे, धुणेभांडी करणारी बाई थांबली असेल तर तिलाही बसवून घ्यावे. प्रकरण संपल्यावर पुढे काय झाले असे कोणी विचारले, तर लेखकाची परीक्षा झाली असे समजावे, आणि दुसरे प्रकरण सुरू करावे.