येत्या हंगामाचे भवितव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सारा जन्म शाळेत खडू झिजविण्यात गेलेल्या आमच्यासारख्याने अमेरिकेतील कॉलेज-फुटबॉलवर बोलावे, याचे आपल्यापैकी कित्येकांस नवल वाटेल. परंतु आज आपल्या ज्ञातीतील अनेक घरांतली मुलेमुली तिकडील विद्यापीठांत शिकत आहेत. ऑगस्ट महिना सरत आला की त्यांच्या फोनवरील बोलण्यात अभ्यासाइतकाच 'यंदा आमचा संघ कसा निघेल' हा विषय येऊ लागतो, आणि इकडे आईवडिलांस त्यातले काही उमगत नाही. ही उणीव थोडीफार भरून काढावी, हा आमचा पहिला हेतू. दुसरा हेतू भाषणाच्या ओघात आपल्या ध्यानी येईलच.

प्रथम खेळाची ओळख. याला फुटबॉल म्हणत असले तरी त्यात पायाचे काम थोडे आणि हाताचे फार. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. एका बाजूस अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू हाती घेऊन डाव चालविणारा तो क्वार्टरबॅक, आणि त्याच्यासमोर भिंतीप्रमाणे उभी राहणारी पाच दांडग्या गड्यांची फळी. विद्यापीठा-विद्यापीठांतील पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात झाला. खेळ आरंभी इतका जीवघेणा होता की, कोलंबिया विद्यापीठाने १९०५ च्या हंगामानंतर तो बंदच केला आणि १९१५ साली पुन्हा सुरू केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकत होते, म्हणजे हा खेळ तेथे परत आला तेव्हा ते तेथेच होते.

आता भवितव्याकडे वळू. १९५० सालापासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था हंगामापूर्वीच क्रीडालेखकांची मते घेऊन संघांची क्रमवारी प्रसिद्ध करीत आली आहे. ही क्रमवारी म्हणजे एक प्रकारची पत्रिकाच होय, आणि पत्रिकेप्रमाणेच तिचे भाकीत कधी खरे ठरते, कधी सपशेल खोटे. २०२३ साली फ्लॉरिडा स्टेटचा संघ तेरा सामने सलग जिंकला होता. नोव्हेंबरात त्याच्या क्वार्टरबॅकचा पाय मोडला आणि अपराजित असूनही अजिंक्यपदाच्या अंतिम चार संघांत त्याची निवड झाली नाही. पुढल्या वर्षी क्रमवारीने त्यास दहावे स्थान दिले, आणि तो संघ २०२४ मध्ये बारा सामन्यांपैकी अवघे दोन जिंकला. २०२५ च्या हंगामापूर्वी टेक्सासचा संघ पहिल्या क्रमांकावर होता. पहिल्याच सामन्यात त्यास ओहायो स्टेटने १४-७ असे हरविले, आणि अजिंक्यपदाच्या बारा संघांतही त्यास जागा मिळाली नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण इंडियाना विद्यापीठाचे. ब्लूमिंग्टन या गावी असलेल्या या विद्यापीठाच्या संघाची गणना सर्वाधिक पराभव पदरी असलेल्या संघांत होत असे. २०२१, २०२२ व २०२३ या तीन हंगामांत मिळून त्याने नऊ सामने जिंकले. २०२३ च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी नावाचे बासष्ट वर्षांचे प्रशिक्षक तेथे आले. हे गृहस्थ एकेकाळी अलाबामाच्या बलाढ्य संघात साहाय्यक होते. ती जागा सोडून, कमी वेतन पत्करून, २०११ साली पेनसिल्व्हेनियातील एका लहान कॉलेजचा संघ त्यांनी हाती घेतला, आणि तेथून पायरीपायरीने वर चढत आले. येताना आपल्या आधीच्या कॉलेजातील तेरा खेळाडू त्यांनी बरोबर आणले. परिणाम असा झाला की, ज्या संघाने आपल्या इतिहासात एका हंगामात दहा विजय कधी पाहिले नव्हते, त्याने २०२४ साली अकरा सामने जिंकले. त्यानंतरही २०२५ च्या हंगामापूर्वी क्रीडालेखकांनी त्यास विसावे स्थान दिले. त्या हंगामात तो सोळापैकी सोळा सामने जिंकला, आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीचा २७-२१ असा पराभव करून त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. सोळा सामने खेळून एकही न हरण्याचा असा पराक्रम त्यापूर्वी १८९४ साली येल विद्यापीठाने केला होता.

क्रमवारी करणाऱ्या अनुभवी माणसांची अशी गफलत का होते? याचे उत्तर शिक्षकास चटकन सुचते. कॉलेजचा संघ म्हणजे शाळेचा वर्ग होय. जून आला की मागील वर्ग पुढे जातो आणि बाकांवर नवे चेहरे बसतात. फलक तोच आणि भिंतीही त्याच, पण वर्ग मात्र निराळा. गतवर्षीच्या निकालाची टक्केवारी यंदाच्या मुलांच्या अंगी आपोआप येत नाही. कॉलेजच्या खेळाडूस सर्वसाधारणपणे चारच हंगाम लाभतात, आणि २०२१ पासून एक कॉलेज सोडून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळण्याची मोकळीक बरीच वाढली आहे. म्हणून कीर्ती एका संघाची राहते, आणि ती मिळविणारे हात दुसरीकडे गेलेले असतात.

यास्तव २०२६ च्या हंगामात इंडियानाचे भवितव्य काय, असे कोणी विचारल्यास आम्ही चार प्रश्न विचारू. पहिला, गेले कोण आणि राहिले कोण? गेलेल्यांत फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक आहे. खेळाडूंतील सर्वोच्च समजला जाणारा हाइजमन सन्मान त्यास २०२५ साली मिळाला, आणि आता तो व्यावसायिक खेळाकडे वळला आहे. ही हानी लहान नव्हे. दुसरा, ज्यांची नावे वृत्तपत्रांत येत नाहीत त्या पाचजणांच्या फळीची घडी कायम आहे काय? फळी ढासळली तर उत्तम क्वार्टरबॅकही जमिनीवर लोळतो. तिसरा, सामने कोणाशी आणि कोठे? २०२४ साली इंडियानास दुबळे प्रतिस्पर्धी लाभले, असा आक्षेप घेतला गेला होता. अजिंक्य संघाविरुद्ध मात्र प्रत्येक प्रतिस्पर्धी दुप्पट तयारीने उतरतो. चौथा, शिकविणारा तोच आहे काय? या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरावरच आमची खरी भिस्त आहे. सिग्नेटींचा नियम असा सांगतात की, खेळाडूच्या अंगी काय असू शकेल यापेक्षा त्याने आजवर प्रत्यक्ष काय करून दाखविले, ते आधी पाहावे. हा नियम पाळणारा मनुष्य जोवर तेथे आहे, तोवर संघ वरच्या रांगेत राहील, असे आमचे नम्र मत आहे. लागोपाठ दुसरे अजिंक्यपद मात्र अवघड. २०१२ साली अलाबामाने आणि २०२२ साली जॉर्जियाने ते साधले. मधल्या दहा वर्षांत दुसऱ्या कोणासही ते जमले नाही. दुखापतीचा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर कोणापाशीच नसते.

याच मेंडोझाचे पूर्ववृत्त पालकांनी अवश्य ध्यानी घ्यावे. शाळेत असताना मोठ्या संघांनी त्याची फारशी दखल घेतली नव्हती. तो येलला जावयाचे ठरवून बसला होता. ऐनवेळी कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात संधी मिळाली. तेथे त्याने खेळाबरोबर व्यापारशास्त्राची पदवी घेतली. शाळकरी मुलांना तारे वाटून त्यांची प्रतवारी लावणारे परीक्षक तिकडे आहेत. त्यांच्या हिशेबात हा मुलगा मागे होता.

आणि पदवीचे महत्त्व का, तेही ऐका. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर पैसे मिळविण्याची मुभा झाली. २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ लागली. ऐकून डोळे दिपतात. परंतु कॉलेजात हा खेळ खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी दोघेही व्यावसायिक संघापर्यंत पोहोचत नाहीत. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचे भवितव्य कोणत्याही क्रमवारीत छापले जात नाही. ते त्यांच्या वह्यापुस्तकांत असते.

आता आमचा दुसरा हेतू. आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे अशी सूचना आली आहे की, दहावीच्या गुणानुक्रमे पहिल्या पाच विद्यार्थ्यांस पुढील सर्व वर्षांचे साहाय्य एकदाच मंजूर करावे, म्हणजे दरसाल अर्ज तपासण्याचा त्रास वाचेल. सूचना मांडणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ही हंगामापूर्वीची क्रमवारी होय, आणि तिच्यावर आपण मंडळाची सारी पुंजी लावू पाहत आहो. आमची विनंती एवढीच की, निदान निम्मा निधी राखून ठेवावा. पहिल्या वर्षी मागे असून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ज्याने कष्टाने प्रगती करून दाखविली, अशा मुलास वा मुलीस तो द्यावा. अर्ज दरसाल तपासावे लागतील हे खरे. ते काम आमच्यासारखे निवृत्त शिक्षक आनंदाने करतील, आणि आम्ही स्वतः त्यासाठी आपले नाव आजच देतो.

येत्या ऑगस्टात आपले चिरंजीव वा कन्या फोनवर संघाची वार्ता सांगू लागतील, तेव्हा आपणही वरील चार प्रश्न त्यांना अवश्य विचारावे. संभाषण वाढेल, मुलांस आनंद वाटेल, आणि बोलता बोलता त्यांच्या स्वतःच्या हंगामाची हकीकतही आपणांस कळेल.