बहिणीचा अंगठा आणि वकिलाचे कर्तव्य

(तालुक्याच्या गावी नव्या वकील मंडळींपुढे झालेले भाषण. सभेस शेतकरी व कारागीर स्त्रीपुरुषही आले होते.)

वकील बंधुभगिनींनो, आणि मागे चटईवर बसलेल्या मायबहिणींनो,

वकिलांना चार गोष्टी सांगाव्या म्हणून मला येथे बोलाविले आहे. पण वकिलाला जे सांगावयाचे ते पक्षकारांच्या देखत सांगावे, असे माझे मत आहे. दोघांनी ऐकलेले दोघांच्याही ध्यानात राहते. आज मी एकच विषय घेतो, तो म्हणजे हक्कसोडपत्र.

बाप वारतो. तेरावा होतो न होतो तोच भाऊ बहिणीला तालुक्याला घेऊन येतो. एस.टी.चे तिकीट भाऊ काढतो, चहा भाऊ पाजतो, आणि दुपारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणीचा अंगठा उमटतो. साडीचोळी घेऊन बहीण घरी जाते, आणि दीड एकर जमीन मागे राहते.

दहाबारा वर्षांपूर्वी असा एक दस्त मीच केला. बाई सुताराच्या घरी दिलेली. "ताई, वाचून दाखवू का?" असे मी विचारले. ती म्हणाली, "कशाला साहेब, दादा बघतोय ना." कागदांची घाई होती, मीही वाचला नाही. पुढे तिचा नवरा गेला. पदरी दोन पोरे घेऊन ती माझ्याकडे आली व म्हणाली, "माझ्या बापाच्या जमिनीत माझं काही असेल का हो?" मी तो दस्त दाखविला. ती म्हणाली, "दादा म्हणाला होता, सोसायटीच्या कर्जाचा कागद आहे." मी तिला सांगितले की, दावा लावता येईल, वकील दुसरा कर, मी साक्षीला उभा राहीन. ती पुष्कळ वेळ गप्प बसली. मग "माहेर तुटेल," एवढेच म्हणाली, पाणी प्याली आणि निघून गेली. तो अंगठा भावाने घेतला खरा, पण शाई मी पुढे केली होती. म्हणून आज हे बोलण्याचा मला अधिकार आहे, आणि लाजही आहे.

आता कायदा ऐका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाची वारस झाली, परंतु वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मुलग्यांनाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली ते दार किलकिले केले, तरी त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली बाहेरच राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, मुलाप्रमाणेच जन्मतः सहहिस्सेदार झाली. त्या दिवशी बाप जिवंत हवा होता काय, ह्यावर पंधरा वर्षे वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा ह्या खटल्यात तो मिटविला: बाप हयात असण्याची जरुरी नाही.

मात्र बहिणींनाही खोटी आशा लावू नका. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री, तसेच त्यापूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमनाम्याने झालेले वाटप, ह्या कायद्याने मोडत नाही. पण "तोंडी वाटप झाले होते" ही सबब कोर्ट सहजासहजी मानीत नाही; तिला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र बाप वाटेल त्याच्या नावे करू शकतो. मृत्युपत्र नसेल तर मुलगा व मुलगी सारखेच वारस. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांचा आहे. मुसलमान व ख्रिस्ती बांधवांचे वारशाचे नियम निराळे आहेत, आणि अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही. "लग्नात खर्च केला, हिस्सा फिटला" असे मात्र कोणत्याच कलमात लिहिलेले नाही.

तरुण वकिलांनो, आता तुमचे काम सांगतो.

पहिले, दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका. भाऊ तुमचा पक्षकार असेल तर बहिणीला स्पष्ट सांगा, "मी तुमचा वकील नाही, तुम्ही दुसरा पाहा." पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीचे दार दाखवा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तेथे वकील फुकट मिळतो, तिच्या उत्पन्नाची अट नाही.

दुसरे, दस्त मराठीत, मोठ्याने, भावाला बाहेर बसवून वाचा. गट नंबर, क्षेत्र आणि आजचा बाजारभाव सांगा. मग तिलाच विचारा, "बाई, तुम्ही काय सोडता आहात?" तिला आपल्या शब्दांत सांगता आले नाही, तर त्या दिवशी अंगठा घेऊ नका. दस्ताची प्रत तिच्या हातात द्या.

तिसरे, मुदत सांभाळा. फसवून घेतलेला दस्त रद्द करण्याचा दावा, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याचे कळल्यापासून हिश्शाच्या दाव्याला बारा वर्षे मिळतात. कोऱ्या कागदावरचा, नोंदणी न झालेला हक्कसोडलेख जमिनीचा हक्क घालवीत नाही. सातबाऱ्यावरून नाव गेले म्हणजे मालकीही गेली, असे नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे. तरीही तलाठ्याची नोटीस आली तर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

चौथे, फीची पावती द्या, आणि जिंकलेल्या जमिनीत वाटा मागू नका. बार कौन्सिलच्या नियमांनी ते निषिद्ध आहे. भावाच्या तावडीतून सुटलेली जमीन वकिलाच्या घशात गेली, तर बहिणीला काय मिळाले?

पाचवे, तडजोड होत असेल तर ती जरूर करा. भाऊबहिणींचा दावा दहा वर्षे चालण्यापेक्षा लोकअदालतीत एका दिवशी मिटलेला बरा. परंतु तेथल्या निवाड्यावर अपील नाही, हे सहीच्या आधी सांगा, नंतर नव्हे.

मायबहिणींनो, भावाशी भांडा असे मी सांगत नाही. भाऊ कर्जात असेल, जमीन थोडी असेल, बहिणीचे बरे चालले असेल, तर तिने मायेने हिस्सा सोडावा. तो तिचा अधिकार आहे. पण जे आपले आहे हेच ठाऊक नाही, ते सोडता येत नाही. ते फक्त काढून घेतले जाते. भावांनो, तुम्हालाही हेच सांगणे: माहिती देऊन मागा. जी बहीण समजून देईल, तिचे माहेर तुटणार नाही.

आणि वकिलांनो, तुमच्या टेबलावर शाईची डबी असेल. ती उघडण्यापूर्वी कागद वाचा. मी वाचला नव्हता.