सायकल-सहलीचा म्होरक्या

महाडहून पोलादपुरास जाणारा रस्ता सुमारें १८ किलोमीटरांचा. सावित्रीच्या खोऱ्यांतून तो प्रवाहाच्या उलट दिशेनें जातो. पोलादपुरास त्याला फांटा फुटतो. एक वाट दक्षिणेस कशेडी घाटाकडे वळते. दुसरी पूर्वेस आंबेनळी घाट चढून प्रतापगडाजवळून सुमारें १३७२ मीटर उंचीच्या महाबळेश्वरास जाते. सपाटी, चढ आणि उतार एकाच मार्गावर लाभत असल्यामुळें सायकल-सहलीच्या म्होरक्याची खरी पारख येथें होते.

सहलीस निघणारी मंडळी कधींच एका ताकदीची नसते. रोज सराव करणारा तरुण, नुकतीच सायकल शिकलेली मुलगी आणि पन्नाशी उलटलेले गृहस्थ एकाच वेळीं महाड सोडतात. पुढचे भरभर जाऊन घाटाखालीं चहाला बसतात. शेवटचा घामाघूम होऊन पोहोंचतो, तोंच ‘आले एकदांचे, चला आतां’ म्हणून सारे उठतात. म्हणजे विसाव्याची गरज ज्याला सर्वांत अधिक, त्यालाच तो मिळत नाहीं! हा अन्याय कोणी जाणूनबुजून करीत नाहीं. परंतु त्याचे पाय पुढच्या चढावर गळतात, आणि लाजेपोटीं तो बोलत नाहीं. थकलेला मनुष्य उतारावर ब्रेक दाबावयास उशीर करतो, आणि घाटांत अशा उशीराची किंमत जिवानें द्यावी लागते.

म्हणून म्होरक्यानें विसाव्याचीं मिनिटें शेवटचा गडी आल्यापासून मोजावीं. पिछाडीस एक जाणता, खंबीर स्वार ठेवावा. पंप, जादा ट्यूब व पंक्चरचें सामान त्याच्यापाशीं असावें, आणि त्यानें कोणालाही आपल्या मागें राहूं देऊं नये. प्रत्येक फांट्यावर एकानें पिछाडीचा स्वार दिसेपर्यंत उभें राहावें. चढावर ज्यानें त्यानें आपापल्या गतीनें जावें व माथ्यावर सर्वांनीं जमावें. उतारावर मात्र म्होरक्याच्या पुढें कोणीं जाऊं नये. दोन सायकलींत भरपूर अंतर असावें, आणि दोन्ही ब्रेक सतत न दाबतां मधून मधून दाबावेत, नाहींतर चाकाची कड तापते.

रस्त्याची चौकशी आधीं करणें हेंहि त्याचेंच काम. महाडनजीकचा सावित्रीवरील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत वाहून गेला. जुलै २०२१ मध्यें दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद पडला. पावसाळ्यांत बेत पुढें ढकलण्यास धैर्य लागतें, आणि तें म्होरक्याच्या अंगीं असावें.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघेच १९२८ च्या मार्चमध्यें ती पुरी करून परतले. जगाच्या प्रवासांत अशी गळती क्षम्य असेल. परंतु रविवारच्या सहलीस निघालेल्यांपैकीं एकहि माणूस वाटेंत मागें राहणें क्षम्य नाहीं. महाडहून बारा निघाले तर बाराहि सुखरूप महाडास परतले पाहिजेत. पहिला किती वाजतां पोहोंचला हें कोणी विसरलें तरी चालेल. शेवटच्यास पुढच्या रविवारीं पुन्हां यावेंसें वाटलें, म्हणजे म्होरक्याचें काम साधलें.