शिकाऱ्याला हाक घालण्याआधी

(मोर्चासाठी मुंबईत आलेल्या कापूस व ज्वारी उत्पादक शेतकऱ्यांचा मुक्काम वरळी कोळीवाड्यात होता. रात्री जेवणानंतर कोळी बांधव आणि शेतकरी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा हा मजकूर. जिल्हा बैठकीत वाचून त्यावर चर्चा व्हावी.)

कोळीवाड्यातल्या बंधूंनो, मावश्यांनो आणि माझ्या शेतकरी भावाबहिणींनो,

मघाशी पंगतीत एका मावशीने आमच्या राळेगावकडच्या माणसाला एक प्रश्न विचारला. "तुमच्याकडे ती वाघीण मारली तेव्हा इथे मुंबईत लोक फलक घेऊन उभे राहिले होते. ती खरंच एवढी वाईट होती काय रे भाऊ?" आमचा माणूस काही बोलला नाही. मान खाली घालून भात कालवत राहिला. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ कुणी असा घेऊ नये, की त्याच्याजवळ उत्तर नाही. उत्तर लांबलचक आहे, म्हणून मी उभा राहिलो.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव आणि पांढरकवडा हा भाग कापसाचा. मध्ये मध्ये झुडपी जंगलाचे तुकडे आणि त्यांना लागून आमची वावरे. दसरा-दिवाळीला पऱ्हाटी छातीला लागते, तूर डोक्याच्या वर जाते. त्यात बाई वाकून कापूस वेचते. गुराखी ढोरे घेऊन जंगलाच्या कडेने फिरतो. जून २०१६ ते ऑगस्ट २०१८ या सव्वादोन वर्षांत या भागात तेरा माणसे वाघाने मारली. त्यातली तीन एकट्या ऑगस्ट २०१८ मध्ये. वनखात्याच्या दफ्तरी वाघिणीचे नाव टी-१, शहरातल्या प्राणिप्रेमींनी तिला अवनी म्हटले. तेराच्या तेरा मृत्यू तिच्याच नावावर लावावेत की नाही, यावर वाद राहिला. पण माणसे मेली यावर वाद नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये हुकूम निघाला, की तिला बेशुद्ध करून पकडा, ते जमत नसेल तर गोळी घाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. मग सुरू झाली शोधमोहीम. जंगलात कॅमेरे लावले. हत्ती आणले. पॅराग्लायडर आणले. एका नामांकित गोल्फपटूची परदेशी जातीची कुत्री आणली. हैदराबादहून खासगी शिकारी आणला. आणि वाघिणीला जवळ बोलावण्यासाठी काय योजले, तर कॅल्विन क्लाइन कंपनीचे 'ऑब्सेशन' नावाचे अत्तर! हसू नका. मांजरकुळातले प्राणी त्या वासाकडे ओढले जातात, हे परदेशातल्या प्राणिसंग्रहालयात आधीच पाहिले गेले होते. शेवटी शेवटी दुसऱ्या वाघिणीचे मूत्रही त्या जंगलात शिंपडले, असे अधिकाऱ्यांनीच सांगितले.

जनावराला फसवून बोलावणे ही शिकाऱ्याची जुनी विद्या आहे. आपल्याकडे साहेबाच्या काळात मचाणाखाली हेला बांधत, हाकाऱ्यांची रांग लावून जंगल उठवत. त्या रांगेत उभे कोण राहायचे? गावचाच माणूस. साहेब वर मचाणावर आणि आपला आजा खाली गवतात. तिकडे अमेरिकेत कायोटी नावाचा प्राणी आहे, आपल्या कोल्ह्याचा चुलत भाऊ म्हणा. जखमी सशाच्या ओरडण्याचा आवाज शिट्टीतून काढून त्याला बोलावतात आणि टप्प्यात आला की गोळी घालतात. तुम्हा कोळी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. एलईडी दिव्यांचा झोत समुद्रात सोडून मासळी बोलावणारी मोठी जहाजे तुम्ही पाहिली आहेत. २०१७ साली केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, तरी त्यासाठी तुम्हाला अजून ओरडावे लागते.

आता त्या हत्तींचे ऐका. ऑक्टोबर २०१८ च्या सुरुवातीला मोहिमेतला एक हत्ती रात्री साखळी तोडून सुटला. राळेगाव तालुक्यात चहांद नावाचे गाव आहे. तिथे त्या हत्तीने एका बाईला ठार केले. गावाला वाचवायला आणलेल्या जनावराने गावातलीच बाई मारली. मुंबईच्या फलकांवर तिचे नाव कुणी लिहिले नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्याही मोर्चांत ते फारसे निघाले नाही.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात वाघीण गोळीने मेली. त्या वेळी पशुवैद्य हजर नव्हता. बेशुद्धीचे इंजेक्शन खरोखर आधी मारले का, यावर शंका निघाल्या. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीतही नियम मोडल्याचे निघाले. तिची एक बछडी डिसेंबरात पकडून पेंचला नेली. २०२१ साली जंगलात सोडल्यावर थोड्याच दिवसांत तीही मेली. गावात त्या रात्रीनंतर फटाके फुटले, पेढे वाटले. त्या पेढ्यांवरून इकडे काही लोकांनी आम्हाला रानटी ठरवले. दोन वर्षे पोरगं संडासाला बाहेर गेले तरी आईचा जीव टांगणीला, अशा गावाने सुटकेचा श्वास टाकला. त्याला रानटीपणा म्हणणाऱ्याने एक रात्र तिथे जागलीला यावे, एवढेच माझे म्हणणे.

पण मावशी, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे संपत नाही. वाघीण मेली. प्रश्न मेला का?

२०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. म्हणजे सात वर्षांनी आपण तिथेच उभे आहोत.

मी कृषी पदवीधर माणूस. कॉलेजात आम्हाला शिकवले, की कीड दिसली की लगेच फवारा उचलायचा नाही. आधी मोजायची, नुकसानीची पातळी बघायची, मित्रकीटक किती ते बघायचे. कपाशीवर आपण हे विसरलो आणि बोंडअळीने आपल्याला त्याची किंमत मोजायला लावली. जनावरांचेही असेच आहे. अमेरिकेत सरकारी खाते शंभराहून अधिक वर्षे कायोटी मारते आहे. अलीकडच्या काळातही वर्षाला पन्नास हजारांवर मारते. आणि कायोटी? तो पश्चिमेच्या माळरानातून निघून जवळजवळ सगळ्या खंडभर पसरला. कळपातले कर्ते जोडपे मेले की उरलेल्या माद्या वितात, मोकळ्या जागेत दुसरे येतात.

परदेशाचे सोडा, जुन्नरचे घ्या. उसात बिबटे वाढले तेव्हा २००१ नंतर ते पिंजऱ्यात पकडून दुसरीकडे नेऊन सोडायचा धडाका लावला. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. त्यानंतर ते सतरावर गेले. अभ्यासकांनी हे आकडे मांडले तेव्हा कुठे खात्याच्या लक्षात आले, की पिंजरा लावला म्हणजे बंदोबस्त झाला असे नाही. ओळखीचा बिबट्या गेला आणि बिथरलेला, अनोळखी बिबट्या आला.

म्हणून वाघ कधीच मारू नये, असे मी म्हणतो का? नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच ११ वे कलम आहे. माणसाच्या जिवाला धोका झालेले जनावर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या हुकमाने मारता येते. जे जनावर माणसाला सरावले, त्याला हटवलेच पाहिजे, आणि लवकर हटवले पाहिजे. माझा सवाल पहिला मृत्यू आणि शेवटची गोळी यांच्या मधल्या जवळजवळ अडीच वर्षांचा आहे. त्या काळात त्या गावांसाठी काय झाले?

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. त्या दिवसांत एका गावाचे निवेदन मी लिहून दिले होते. सभेत बाप्ये बोलले, "वाघिणीला मारा, शिकारी आणा." मी ते झकास भाषेत लिहिले. मग मागे बसलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "भाऊ, वेचणीला जायला सोबत पाहिजे. वाघ दिसला तं आमाले त्याच दिवशी सांगा. पाणी द्याले लाइन दिवसा द्या, मानूस रातच्याला वावरात जाते." मला वाटले, या बारीकसारीक गोष्टी, यांनी मुख्य मागणीचा जोर कमी होईल. मी त्या लिहिल्या नाहीत. निवेदनात एकच ओळ राहिली: शिकारी आणा. सरकारने तेवढी एकच ओळ ऐकली. शिकारी आला, हत्ती आला, अत्तर आले. सोबत आली नाही आणि दिवसाची लाइनही आली नाही. आपण जे मागितले तेच मिळाले, भावांनो. मागायलाच मी चुकलो.

हे आज इथे सांगायला आणखी एक कारण आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून या कोळीवाड्याच्या होड्या बाहेर काढायच्या तर खांबांत अंतर किती हवे, यावर या लोकांनी लढा दिला. पालिका म्हणत होती, साठ मीटर पुष्कळ झाले. कागदावर होडी केवढी, खांब केवढा, हिशेब बरोबर बसत होता. हे म्हणाले, कागदावर वारा नसतो आणि लाट नसते, क्लीव्हलँड बंदरातून होडी आम्ही काढतो, तुम्ही नाही. २०२१ मध्ये होड्या समुद्रात नेऊन त्यांनी काम अडवले. २०२३ मध्ये मधला एक खांब गाळून अंतर १२० मीटर करायचे ठरले. त्यांनी मागितले होते त्याहून ते कमीच आहे. पण बघा, त्यांनी नुसते "पूल नको" म्हणून सोडून दिले नाही. रोजच्या कामात अडचण कुठे येते ते मोजले आणि तो आकडा घेऊन उभे राहिले.

आपण कोरडवाहू शेतकऱ्यांनी हे कधी केले? रानडुक्कर आणि रोही यांच्यापायी ज्वारीचा पेरा सोडून दिला, अशी गावे प्रत्येक तालुक्यात आहेत. पण वर्षात जागलीच्या रात्री किती, कुणी मोजल्या? त्या रात्रींची मजुरी किती होते? वाघ साऱ्या देशाला हवा आहे, जगालाही हवा आहे. चांगली गोष्ट आहे. मग त्याच्या राखणीचा खर्च कापूस वेचणाऱ्या बाईने एकटीने का सोसावा? माणूस मेल्यावर सरकार आता पंचवीस लाख रुपये देते. मेल्यावर देण्याइतका पैसा आहे, तर जगवण्यासाठी त्यातला थोडा आधी का खर्च होत नाही?

जिल्हा बैठकीपुढे मी या गोष्टी ठेवतो:

एक. कॅमेऱ्यात वाघ-बिबट्या दिसला की त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत, गावाला कळले पाहिजे. खात्याला कळते आणि गावाला कळत नाही, हे चालणार नाही.

दोन. जंगलालगतच्या गावांना ओलितासाठी वीज दिवसाच मिळावी. सौर कृषी वाहिनीच्या योजनेत ही गावे आधी घ्यावीत.

तीन. पहिला बळी गेला की वेचणीच्या आणि तेंदूच्या हंगामात राखणदार नेमावेत. ते गावातलेच असावेत आणि त्यांना सरकारी मजुरी मिळावी. गुराख्यांनी जोडीने जावे, त्याचीही मजुरी धरावी.

चार. जनावर हटवायचे ठरले तर मोहिमेत ग्रामसभेची माणसे असावीत. कुठे काय आणले आहे, हत्ती कुठे बांधला आहे, हे गावाला माहीत असावे.

पाच. हे आपले आपण करायचे. कुंपणात करंट सोडायचा नाही. त्यात डुक्कर मरते, वाघ मरतो आणि सकाळी शेजारच्या शेतकऱ्याचे प्रेत सापडते. मढ्यात विष घालायचे नाही. त्यात कोल्हे आणि लांडगे मरतात. ज्या रानात कोल्हा राहिला नाही, तिथे उंदरांचा आणि डुकराच्या पिलांचा हिशेब कोण ठेवणार? या फुकटच्या राखणदाराला आपणच मारले आणि नंतर जागलीला बसलो.

या पाचांत सगळ्यात आधी प्रत्येक गावाने एक वही करावी. जागलीच्या रात्री, खाल्लेले पीक, दिसलेले जनावर, अर्ज दिल्याची तारीख, उत्तर आल्याची तारीख. वही बायांकडे द्या. कुठल्या धुऱ्यावर भीती वाटते ते त्यांना बरोबर माहीत आहे.

मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देऊन बसतो. वाघीण वाईट नव्हती. ती वाघीण होती. मेली ती माणसेही वाईट नव्हती, कापूस वेचायला आणि ढोरे चारायला गेली होती. दोघांच्या मधे सव्वादोन वर्षे कुणी उभे राहिले नाही, एवढेच वाईट झाले. पुढच्या वेळी शिकाऱ्याला हाक घालायची वेळ आलीच, तर घालू. पण त्याआधी एकमेकांना हाक घालू आणि वही उघडून बसू.

उद्या सकाळी सातला निघायचे आहे. पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. कोळीवाड्याने आपल्याला जेवू घातले, याची आठवण ठेवा. त्यांचा मोर्चा निघेल तेव्हा आपणही आलो पाहिजे.