अभ्यंगाचे उटणे : घरी करण्याची रीत
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही तरुण मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते आम्ही पाहिले. उटण्यावर व्याख्यान कसले, असे त्यांना वाटले असावे. पण ज्या वस्तूशिवाय आपली दिवाळीची पहाट उजाडत नाही, ती आपल्या घरातून हळूहळू नाहीशी होत आहे आणि तिच्या जागी एक कागदी पुडी आली आहे. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला.

पाश्चात्त्य देशांत मोठ्या टाकीत पाणी भरून त्यात सुगंधी मीठ विरघळवून स्नान करण्याची चाल आहे. आपल्याकडे घंगाळ आणि तांब्या, किंवा आता बादली, एवढेच साधन. तेव्हा मीठ पाण्यात घालण्यापेक्षा गंधद्रव्य अंगाला चोळणे हेच आपल्या स्नानाला अनुरूप ठरले. आश्विन वद्य चतुर्दशीच्या पहाटे तेल चोळावे, उटणे लावावे, ऊन पाण्याने न्हावे, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावे, हा क्रम कोकणात घरोघरी चालत आला आहे. त्यात व्यवहाराचे शहाणपणही आहे. या सुमारास पाऊस सरलेला असतो, भाताची कापणी तोंडावर असते आणि कोरड्या वाऱ्याने अंग फुटू लागते. तेल त्वचेला मऊ करते. डाळीचे पीठ वरचे जास्तीचे तेल व मळ टिपून घेते.

आता कृती सांगतो. मसुराची डाळ पाव किलो, नागरमोथा, कचोरा, वाळलेली संत्र्याची साल आणि गुलाबाच्या पाकळ्या प्रत्येकी ५० ग्रॅम, वाळा व आंबेहळद प्रत्येकी २५ ग्रॅम, आणि ऐपत असल्यास चंदनाची पूड १० ग्रॅम. एवढ्यात साधारण अर्धा किलो उटणे होते. नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्या जातीच्या गवताची मुळाशी असलेली गाठ. वाळा हेही गवताचे मूळच. कचोरा हळद-आल्याच्या कुळातला कंद. आणि आंबेहळदीला कैरीचा वास येतो, हे आपण जाणताच.

डाळ उन्हात कडकडीत वाळवावी. सुगंधी द्रव्ये मात्र सावलीत वाळवावीत, कारण त्यांचा गंध ज्या तेलात असतो ते उन्हाने उडून जाते. आपल्या घाटपायथ्याच्या मुलखात आश्विनातही हवेत दमटपणा राहतो. ओलसर जिन्नस दळले तर बुरशी येते. नागरमोथा कठीण असतो, तो प्रथम खलबत्त्यात कुटावा आणि मगच दळावा. सर्व पूड वस्त्रगाळ करून काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवावी. लावताना दुधात किंवा पाण्यात कालवावी.

दोन सूचना कराव्याशा वाटतात. वनस्पतीपासून झालेली वस्तू कधीच अपाय करीत नाही, हा समज खरा नव्हे. प्रथम थोडेसे उटणे कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. खाज अथवा पुरळ उठल्यास ते वापरू नये. तान्ह्या मुलांच्या अंगाला व डोळ्यांजवळ लावू नये. दुसरे, जटामांसीचा हट्ट धरू नये. ती हिमालयातील वनस्पती असून अतिरेकी खोदाईमुळे तिचे अस्तित्वच धोक्यात आले आहे.

मिठाचा उल्लेख झालाच आहे. पेण-उरणच्या मिठागरांचे जाडे मीठ आपणांस परके नाही. लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून शिणलेले पाय कोमट मिठाच्या पाण्यात घटकाभर ठेवले तर आराम पडतो. त्याने चिखल्या बऱ्या होतात असे मात्र समजू नये. जखम असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. मधुमेह असलेल्यांच्या पायांना पुष्कळदा चटका समजत नाही. त्यांनी पाण्याची उष्णता दुसऱ्याच्या हाताने पाहून घ्यावी.

आता ज्यासाठी हा प्रपंच केला ती गोष्ट. आम्ही जन्मभर मुलांना वजने-मापे शिकवली. पण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना उटण्याचे प्रमाण विचारले, तर उत्तर मिळते, "अंदाजानं घालायचं." हा अंदाज त्यांच्या हातात आहे, कागदावर कोठेच नाही. कर्जत-खोपोलीची तरुण कुटुंबे बदलापूर, कल्याण, मुंबईकडे गेली. सुना-मुली पहाटेच्या गाडीने नोकरीला जातात. त्यांनीच कुटत बसावे असे आम्ही म्हणणार नाही. उटणे पुरुषांच्याही अंगाला लागते. तेव्हा बत्ता त्यांनीही उचलावा. पण माप लिहून ठेवले नाही, तर ती वृद्ध स्त्री गेल्यावर घरात बत्ता उचलणारा असूनही काय कुटावे हे कोणास ठाऊक नसेल.

आणखी एक. शिकेकाई, रिठे, रानातले कंद घेऊन ठाकूर व कातकरी भगिनी डोंगर उतरून बाजारात बसतात. छापील पुडीची किंमत आपण मुकाट्याने देतो आणि या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखाली गेली, तेव्हा आपण सर्व हळहळलो. ती हळहळ खरी असेल, तर बाजारात तिने सांगितलेला भाव द्यावा. अभ्यंगस्नान काही एका ज्ञातीचे नव्हे, आणि त्याचे साहित्य तर आपल्या ज्ञातीने पिकवलेलेही नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. प्रत्येक कुटुंबाने या दिवाळीपूर्वी घरातील ज्येष्ठ स्त्रीजवळ बसावे, तिने मूठभर घातलेला जिन्नस तराजूवर ठेवावा आणि तिच्या नावासह ते प्रमाण वहीत उतरवावे. अशी मापे कार्यकारी मंडळाकडे आली तर पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ती छापता येतील. मंडळाने हे काम हाती घेतल्यास लेखनिकाचे काम आम्ही आनंदाने करू.